चुन्याच्या रानातले दहा फूट

चैत्र लागला की येरमाळ्यात सगळ्यावर पांढरी पूड बसते. एसटीच्या काचांवर, रसवंतीतल्या लिंबांवर, माणसांच्या भुवयांवर. येडाईच्या यात्रेला आलेली माणसं चुन्याच्या रानात खडे वेचतात, ओंजळीतून, पदरातून, टोपीतून नेऊन देवीच्या नावानं ढिगावर टाकतात आणि गावी परतताना त्या रानाचा थोडा भाग कपड्यांवर घेऊन जातात. लहानपणी मला वाटायचं, हे खडे एक दिवस संपतील. ते संपले नाहीत. आणि त्या पांढऱ्या जमिनीवरून उसळून हनुवटीखाली उजेड टाकणारं ऊनही तेच राहिलं.

हनुवटीचं हे फोटो काढणाऱ्यालाच कळतं. एरवी ऊन वरून पडतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या करून टाकतं. चुन्याच्या रानात जमीनच आरसा धरते. सुरकुत्या पुसट होतात, थकलेली माणसं ताजी दिसतात. माझा निम्मा धंदा या एका गोष्टीवर उभा राहिला.

आता धंदा सून बघते. प्राजक्ता लातूरची. मुलाची नोकरी सोलापूरला, म्हणून स्टँडसमोरचा स्टुडिओ तिनं अंगावर घेतला. लग्नं, बारशी, आणि लग्नाआधी नवरा-नवरीला माळावर पळवत काढतात ते फोटो. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतो, गिऱ्हाइकाला पाणी विचारतो, आणि कुणी विचारलंच तर जुन्या दिवसांचं बोलतो. जेवढं बोलण्यासारखं आहे तेवढंच.

यंदा यात्रेच्या तोंडावर तिनं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आत माझा जुना कॅमेरा, त्याचा वाळून कडक झालेला पट्टा आणि कापडात गुंडाळलेली माझी पन्नास मिलिमीटरची जर्मन लेन्स.

"आबा, ही काच इतकी चांगली आहे आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"खराब आहे ती," मी म्हणालो. चाळीसएक वर्षं मी हेच म्हणत आलो होतो, त्यामुळे जीभ अडखळली नाही.

तिनं ती उजेडात धरली, फिरवली. "कुठं खराब आहे? आत जाळं नाही, ओरखडा नाही. रिंग बघा कशी फिरते."

रिंग तुपात चमचा फिरवावा तशी फिरत होती. मीही फिरवून पाहिली, हाताला तो जडपणा ओळखीचा वाटला आणि नकोसाही. हल्लीच्या लेन्सला वजन नसतं. बटण अर्धं दाबलं की तीच चेहरा शोधते, चेहऱ्यात डोळा शोधते. या लेन्सला काही शोधता येत नाही. ती फक्त दाखवते, शोधायचं आपण. प्राजक्ताच्या वयाच्या मुलांना आता नेमकं हेच हवं आहे म्हणे. जुन्या लेन्सा धुंडाळतात, ॲडॅप्टर नावाचं एक धातूचं कडं मागवतात आणि नव्या डिजिटल कॅमेऱ्याला जुना डोळा बसवतात.

"सगळ्यांचे फोटो सारखेच दिसायला लागलेत हो," ती म्हणाली. "या काचेत मागचं कसं विरघळतं बघा. गर्दीसुद्धा देखणी दिसते."

मागची गर्दी विरघळवणं. मी पेटीतला तो कडक पट्टा उगाच सरळ करायला लागलो.

कडं आलं, लेन्स बसली. तिनं मला दुकानाच्या दारात उभं केलं. मी सवयीनं पायानं अंतर मोजलं आणि दहा फुटांवर जाऊन उभा राहिलो. तिनं कॅमेऱ्याचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. जे स्पष्ट असेल त्याच्या कडा तिथं लाल होतात. ती रिंग फिरवत गेली तशी ती लाल रेघ मागच्या भिंतीवरून सरकत माझ्या कानावर, मग चष्म्याच्या काडीवर, मग डोळ्यावर आली आणि थांबली. जुन्या कॅमेऱ्याच्या आतल्या घासलेल्या काचेत डोळा बारीक करून जे मी आयुष्यभर शोधलं, ते कुणीतरी लाल पेन्सिलीनं काढून दिलं होतं. फोटो मोठा करून पाहिला. पापणीचे केस मोजावेत इतका स्वच्छ.

मग तिनं रिंगेवरचा फुटांचा आकडा पाहिला. "तुम्ही दहा फुटांवर आहात ना? इथं तर सात दाखवतंय." तिनं कडं चाचपलं. "स्वस्तातला घेतला ना. या ॲडॅप्टरनं आकड्यांचा पार मल्लप्पा केला."

मी म्हणालो, "असेल."

म्हणालो आणि आत येऊन खुर्चीत बसलो. पंखा फिरत होता. पुन्हा तेच झालं होतं. मी गप्प बसलो आणि दोष दुसऱ्याकडे गेला. या वेळी तो बिचाऱ्या ॲल्युमिनियमच्या एका कड्याकडे गेला होता.

तो शब्द येरमाळ्यात रोज कानावर येतो. गॅरेजवाल्यानं मोटारसायकल आणखी बिघडवली, तर गाडीचा मल्लप्पा केला. शिंप्यानं उंची कमी करायला दिलेली पँट पोराच्या मापाची करून टाकली, तर पँटीचा मल्लप्पा. शेजारच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तर तो दिवसभर चालू असतो. म्हणणाऱ्यांच्या मनात काही नसतं. मी मात्र प्रत्येक वेळी कुठंतरी दुसरीकडे बघतो.

"प्राजक्ता," मी हाक मारली. "मल्लप्पा म्हणजे काय, माहीत आहे का तुला?"

"दुरुस्त करायला जाऊन जास्तच बिघडवलं, तो. इकडचाच शब्द आहे ना? लातूरला नव्हता ऐकला."

"माणूस आहे तो," मी म्हणालो.

रस्त्याच्या पलीकडे, आज जिथं चपलांचं दुकान आहे, तिथं त्याची लाकडी टपरी होती. मल्लप्पा मूळचा मुरूमचा. बोलण्यात कानडीचा झोक, डोळ्याला भिंग, आणि ते भिंग काढायला विसरून तसाच चहाला यायचा. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं टांगलेली असायची, प्रत्येकात वेगळी वेळ. कुणी टोकलं की म्हणायचा, "ज्याला जी पाहिजे ती घ्या. कळंबची गाडी चुकली असंल तर त्या कोपऱ्यातल्या घड्याळात अजून यायचीय." आम्ही एकाच वयाचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो माझ्याकडे किंवा मी त्याच्याकडे. एकमेकांची टिंगल केल्याशिवाय चहा संपायचा नाही.

त्या साली यात्रेच्या तोंडावर लेन्स काढली, तर तिला बुरशी लागलेली. पावसाळ्यात चामड्याच्या डब्यात ओल धरली होती आणि काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले होते. पुण्याला पाठवायची तर किती दिवस जातील कोण जाणे. मल्लप्पा म्हणाला, "आण हिकडं. काच म्हणजे काच. घड्याळाची काय, कॅमेऱ्याची काय." त्यानं ती उघडली, फुंकरीनं, कापसानं, कशाकशानं स्वच्छ केली. परत दिली तेव्हा जाळ्याचा मागमूस नव्हता. पण देताना त्यानं एक गोष्ट सांगितली. ती मला आजही शब्दाशब्दानं आठवते, कारण विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

"शंकर, रिंगेचे आटे बसवताना मूळचा आटा मला परत घावला न्हाय. काच येकदम बेस हाय, पर आकडे सरकलेत. आकड्यावर जाऊ नको. आतून बघ आन् मग दाब."

"बघतो की," मी म्हणालो आणि यात्रेच्या तयारीला लागलो.

माझी कीर्ती अशी होती की मी न बघता फोटो काढतो. आमराईच्या सावलीत मी कापडाचा मांडव घालायचो. कॅमेऱ्याच्या तिकाटण्यापासून दहा फुटांवर दोरीनं माप घेऊन चुन्याच्या खड्यांची एक ओळ मांडायची. कुटुंब त्या ओळीवर उभं करायचं. लेन्सची रिंग दहाच्या आकड्यावर, तोंड पूर्ण उघडं, म्हणजे मागे खडे वेचणारी सगळी गर्दी विरघळून जाते आणि फक्त आपली माणसं उरतात. मग मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून पोरांना हसवायचो, म्हाताऱ्यांना पदर सारखा करायला सांगायचो आणि बोलता बोलता बटण दाबायचो. लोक म्हणायचे, हा डोळासुद्धा लावत नाही आणि फोटो बघा कसा येतो. मला ते फार आवडायचं. खरं सांगायचं तर त्या कौतुकासाठीच मी डोळा लावत नव्हतो.

ती यात्रा माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी. मांडवाबाहेर रांग. आंबट कैऱ्यांचा वास, हलगीचा ठेका, उदो उदोचा गजर, घामानं चिकटलेली चुन्याची पूड. मल्लप्पासुद्धा टपरी बंद करून खडे वेचायला आला होता. जाता जाता त्यानं मांडवात डोकं घातलं. "बघतोस न्हवं आतून?" मी मान हलवली. समोर सात जणांचं कुटुंब ओळीवर उभं होतं आणि मी त्यांच्यातल्या लेकराला जीभ काढून दाखवत होतो.

रोल धुवायला सोलापूरला गेले. फोटो आले तेव्हा यात्रा उठून गेली होती, आमराईत पत्रावळी उडत होत्या. मी पाकीट उघडलं. पहिल्याच फोटोत मागची माणसं लख्ख होती. खडे वेचणारी एक बाई, तिच्या बांगड्या, तिच्या टोपलीतला एकेक खडा. आणि पुढे ओळीवर उभं असलेलं कुटुंब धुरातून पाहावं तसं. दुसऱ्यातही तेच, तिसऱ्यातही. सगळ्या यात्रेत परकी माणसं स्पष्ट आली होती आणि आपली माणसं विरघळली होती.

पाकीट हातात असतानाच मला कळलं होतं काय झालं ते. यात कुणी शंका ठेवू नये. मला कळलं होतं.

पण त्याच वेळी दुकानात गर्दी होती. फोटो न्यायला आलेले पाहुणे, बसची वाट बघत बसलेले लोक. बार्शीकडचा एक माणूस फोटो घेऊन दारातल्या उजेडात गेला, परत आला, आणि शांतपणे म्हणाला, "आमची आई कुठं हाय ह्यात?" मी पाकीट चाळत राहिलो, तेव्हा तो पुढं म्हणाला, "गेली ती. यात्रेहून गेल्यावर आठ दिसांत. ह्यो येकच फोटो हाय तिचा."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडातून निघालं, "लेन्स बिघडवली. त्या मल्लप्पाला साफ करायला दिली, त्यानं बिघडवून ठेवली."

एवढंच वाक्य. तो माणूस रस्ता ओलांडून टपरीसमोर जाऊन उभा राहिला. काय बोलला ते इथवर ऐकू आलं नाही. मल्लप्पानं डोळ्यावरचं भिंग काढलं, फोटो घेतला, पाहिला. मग रस्त्यापलीकडून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तो ओरडून सांगेल. त्यानं सांगितलं नाही. फोटो दोन्ही हातांनी परत दिला आणि मान खाली घातली.

गावाला तेवढं पुरलं. आधी थट्टा झाली, मग त्या थट्टेचा शब्द झाला. लोक घड्याळं कळंबला न्यायला लागले. नंतर एका उन्हाळ्यात मल्लप्पानं टपरी उचलली आणि तो मुरूमला गेला. सेलची स्वस्त घड्याळं तेव्हा येऊच लागली होती, त्याचा धंदा तसाही बसणारच होता, अशी मी स्वतःची समजूत काढत आलो. हे सगळ्या घड्याळजींच्या बाबतीत खरं असेल. मल्लप्पाच्या बाबतीत, सेलची घड्याळं येण्याआधी मी आलो होतो.

लेन्स मी पेटीत टाकली आणि दुसरी घेतली. चांगली होती, वापरली तर ते गावाला दिसलं असतं, म्हणून वापरता येईना आणि खराब म्हटलेली म्हणून विकता येईना.

प्राजक्तानं सगळं ऐकलं. मध्ये एकदा शेजारच्या दुकानातून कुणीतरी ओरडून तोच शब्द उच्चारला, तेव्हा ती दचकली. ऐकून झाल्यावर तिनं मला दोषही दिला नाही आणि धीरही दिला नाही. "आहेत का ते अजून?" एवढंच विचारलं.

"मुरूमला आहे म्हणतात."

"मग उद्या दुकान बंद ठेवू," ती म्हणाली. "लेन्स घ्या बरोबर."

तुळजापूरला हायवेवर चहा घेतला. तिथून पुढं उमरग्याच्या वाटेनं मुरूम. बोलायची वाक्यं मी गाडीत जुळवत होतो, आणि प्रत्येक गाव मागे पडलं की एक वाक्य गळत होतं.

मुलाच्या किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत मल्लप्पा सुपात शेंगा फोडत बसला होता. कृश झालेला, मोतीबिंदू काढलेला, बोटं मात्र तशीच नेमकी. त्याची बायको गंगवा दारात आली. "बर्री, कुंड्री," तिनं प्राजक्ताला बसायला सांगितलं. माझ्याकडे पाहिलं, ओळखलं आणि आत निघून गेली.

"कोन?" मल्लप्पानं विचारलं.

"शंकर. येरमाळ्याचा. फोटोवाला."

तो शेंगा फोडतच राहिला. "लई उशीर केलास की रं. घड्याळ बंद पडलं का काय तुजं?"

जुळवलेलं एकही वाक्य उरलं नव्हतं. "मल्लप्पा, तू सांगितलं होतंस. आकड्यावर जाऊ नको म्हणून. मी बघितलं नाही, आणि दुकानात सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं."

"ते मला सांगतोस व्हय? सांगणारा मीच होतो न्हवं?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

त्यानं टरफलं बाजूला सारली. "काय बोलू? आटा तर माज्याच हातनं गेला होता. निम्मं खरं होतं. निम्म्या खऱ्यावर भांडता येत न्हाय, शंकर."

आतून भांड्याचा आवाज झाला आणि गंगवा म्हणाली, "निम्मं लेन्सचं. दुकान तर सगळंच गेलं."

तिनं चहा आणला. प्राजक्ताच्या हातात कप दिला. माझा कप फरशीवर ठेवला, वाकलं तर हाताला येईल इतक्या लांब. मी वाकून घेतला.

"काढतेत का माजं नाव येरमाळ्यात?" मल्लप्पानं विचारलं.

"काढतात."

"कसं काढतेत?"

प्राजक्ता कपाकडे बघत राहिली. मी सांगितलं. गाडीचा, पँटीचा, मोबाइलचा, सगळं सांगितलं. तो खांदे हलवत हसायला लागला.

"ठावं हाय मला. एसटीत बसून आलाय तो शब्द हितवर. परवा आमचा नातू म्हनतोय, आज्जा, मोबाइलचा मल्लप्पा झाला. म्या म्हनलो, झाला न्हाय रं, हितं बसलाय."

मलाही हसू आलं असतं. पण गंगवा हसत नव्हती. ती पदरानं हात पुसत माझ्यासमोर उभी राहिली आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. "हितं येऊन सांगितलंत, बरं केलंत. पर आमाला ठावं हायच की. ज्यांना ठावं न्हाय, त्यांना सांगा. तितं सांगा, जितं बोललावता."

मी मान हलवली. मग आठवलं, अशीच मान मी एकदा मांडवात हलवली होती, म्हणून तोंडानंही म्हणालो, "सांगतो."

निघताना मल्लप्पानं लेन्स मागितली. हातात घेऊन रिंग फिरवली, कानाजवळ नेऊन ऐकली. "अजून तसाच हाय आटा. माज्यामागं दुसऱ्या कुनी उघडली न्हाय." त्यात अभिमान होता की खंत, मला सांगता येणार नाही. मग म्हणाला, "काड येक फोटो. बघून काड."

किराणा दुकानाच्या पायरीवर तो बसला. गंगवाला बोलावलं, ती आली नाही. प्राजक्तानं कॅमेरा माझ्या हातात दिला. तिनं मागून माझं कोपर धरलं. मी बाजूला उभा राहिलो नाही, कुणाला हसवलं नाही. डोळा लावला. लाल रेघ पोत्यांवरून, तराजूवरून हळूहळू पुढं आली, त्याच्या खांद्यावर, मग गालावर. तो वाट बघत होता. रेघ डोळ्यावर येऊन थांबली तेव्हा मी बटण दाबलं. रिंगेवर आकडा किती होता, ते मी पाहिलं नाही.

तो फोटो मोठा करून आम्ही स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला, जिथं दर वर्षी नवरा-नवरीचा असतो. मागे दुकानातली पोती विरघळून गेली आहेत आणि पुढे मल्लप्पा आहे, पापणीच्या केसासकट. खाली मी माझ्या अक्षरात लिहिलं आहे: मल्लप्पा, घड्याळजी. माझी लेन्स यांनी बिघडवली नव्हती. न बघता फोटो मी काढले होते.

यात्रेत लोक थांबतात. वाचतात. काही हसतात आणि पुढे जातात. माझ्या वयाचे एकदोघं आत येऊन म्हणाले, कशाला उकरून काढता आता. बार्शीचा तो माणूस कुठं असेल, मला माहीत नाही. त्याला द्यायला माझ्याकडे त्याच्या आईचा चेहरा नाही, आणि तो चेहरा आता कुठल्याही कॅमेऱ्यात येणार नाही. शेजारच्या मोबाइलवाल्यानं फोटो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "म्हणजे खरंच माणूस हाय, आबा?" व्हय म्हणालो. त्या दिवशी त्याच्या दुकानातून तो शब्द ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशी आला. एकदा पडलेला शब्द इतक्यात उठणार नाही, हे मला दिसतं आहे. जो कुणी विचारेल त्याला मी खुर्चीतून उठून सांगतो, एवढंच माझ्या हातात उरलं आहे.

आणि ती दर्शनी काच. यात्रेच्या दिवसांत तिच्यावर सारखी चुन्याची पूड बसते आणि बाहेरून पाहिलं तर मल्लप्पाचा चेहरा तासाभरात पुसट होतो. प्राजक्ता म्हणते, संध्याकाळी एकदाच पुसू, आबा. मी ऐकत नाही. फडकं खांद्यावरच ठेवतो, आणि एक बस गेली की उठतो.